औषधवाल्याची जास्वंद

जगदाळेकाकांना झाडापानांतलं सगळं कळतं अशी आमच्या सेक्टरात ख्याती होती, आणि ती काकांनी स्वतः जातीने पसरवलेली असल्यामुळे तिच्यात कुठे कमतरता राहिलेली नव्हती. कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांची उभी हयात गेली. देशावरच्या गावागावांत, बांधाबांधावर उभं राहून त्यांनी औषध विकलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि आपल्याच औषधाचा एक सीलबंद डबा भेट दिला. शालीचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही, नारळाच्या वड्या झाल्या असाव्यात, पण डबा मात्र माळ्यावर मानाने विराजमान होता. घरी नवा माणूस आला की चहाच्या आधी त्याला डब्याचं दर्शन घडायचं.

“ह्याचं एक झाकण पंपात टाकलं,” काका म्हणायचे, “की रानात मुंगी जित्ती ऱ्हात न्हाई.”

काकांचं इथलं रान जरा लहान होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सगळी मंडळी मुंबईच्या चाळींतून आणि दीड खोल्यांतून सुटून नेरुळच्या या रो-हाउसांत आलो, ती ‘घरापुढे बाग’ या दोन शब्दांवर भाळून. प्रत्यक्षात बाग म्हणजे एखादी म्हैस बसली तर तिची शेपटी रस्त्यावर येईल एवढी जागा. खाली खाडीवर टाकलेला भराव. खड्डा खणावा तर शिंपले निघायचे. संध्याकाळी वारा फिरला की पावणे-महापेच्या कारखान्यांकडून असा काही दर्प यायचा, की किड्यांवर वेगळा खर्च करायची गरजच काय, असं वाटावं. पण आम्ही हौशी. कुणी गुलाब लावले, कुणी क्रोटन. काकांनी साताऱ्याहून एस.टी.च्या टपावर घालून पोतीच्या पोती काळी माती आणली आणि कुंपणाच्या भिंतीला लागून एक साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद लावली. दोन पावसाळ्यांत ती भिंतीवरून डोकं काढून आमच्या घराकडे बघायला लागली.

आमचं घर समोरच. त्यामुळे काकांचं दर्शन मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुकट आणि दिवसभर घडायचं. बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, कानावर विनाकारण खोचलेली पेन्सिल. माणूस भेटला की आधी त्याच्या कुंडीशी बोलायचे, मग माणसाशी. पान दिसलं की ते उलटून बघणार म्हणजे बघणारच. “पानाची पाठ बगा वहिनी. पान तोंडावर कधी खरं बोलत न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीला आहेर द्यायला आम्ही रांगेत उभे होतो, तर काकांनी फुलांच्या कमानीचं एक पान उलटलं, बारीक डोळे करून बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मावा हाय, कीड. नवरीला सांगू नका.” नवरीच्या वडिलांना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं.

किड्यांना ते नावं द्यायचे, आणि ती सगळी त्यांच्या जुन्या साहेबांची पदं असायची. फांदीला चिकटून रस पिणारा पिठ्या ढेकूण म्हणजे अकाउंट्स खातं. पान गुंडाळून आत झोपणारी अळी म्हणजे हेड ऑफिस. आणि सगळ्यात राग कुणाचा, तर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेल्या भुंगेऱ्याचा. गावाकडे त्याला हिंगे म्हणतात. हा श्रावणात येतो आणि पान, खोड, मूळ कशाला तोंड न लावता नेमकं उमललेलं फूल तेवढं खातो. “ह्यो रीजनल मॅनेजर,” काका सांगायचे. “अंगावर पट्टे, कामाच्या नावानं शिमगा, आयत्या फुलावर बसून जेवतो.”

या सगळ्या ज्ञानावर कळस म्हणजे बोटाची गोष्ट. शेतकरी औषधाला बिचकले की काका पंपातल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि सगळ्या गावासमोर चाटून दाखवायचे. ही गोष्ट त्यांनी इथे आल्याच्या पहिल्याच महिन्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चौबळ यांना सांगितली आणि पस्तावले. चौबळ पावणे इथल्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या पोटात आजवर फक्त जेवणच टिकलेलं. महिन्याभरात सेक्टरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं की जगदाळे औषध चाटतात. गच्चीवर कोजागरी असो की कुणाचं बारसं, चौबळ ओरडायचे, “साहेब, ते बोटाचं दाखवा ना एकदा! फुल एंटरटेन्मेंट!” आणि एरवी स्वतःच्या पराक्रमाला कधी नाही न म्हणणारे काका नेमके तेव्हा पान खायला उठून जायचे.

आता आमच्या सासूबाई. त्यांच्याशिवाय जगदाळेकाका पुरे होत नाहीत. सासूबाई मूळ कोकणच्या, जन्म गेला गिरगावच्या चाळीत, आणि देवावर त्यांची इतकी भक्ती की त्याला विकतचं फूल वाहणं त्यांना अपमानाचं वाटे. घरच्या कुंडीतलं तोडायला जीव होत नसे. राहता राहिली शेजाऱ्यांची. “देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत,” असा त्यांनी स्वतःपुरता कायदा केलेला होता. पहाटे स्नान आटोपून, हातात परडी आणि छत्रीच्या काडीची आकडी घेऊन त्या निघायच्या. अनवाणी. देवाच्या कामाला पायताण नको, असं आम्हाला सांगत. पायताणाचा आवाज होतो, हे सांगत नसत.

सगळ्यात जास्त प्रेम जगदाळ्यांच्या जास्वंदीवर. आकडीने फांदी खाली ओढायची, फुलं परडीत, फांदी परत वर. हे झालं की त्या आमच्या फाटकापर्यंत पोचेतो समोरून आरोळी यायची, “कोण हाय रं तिकडं?” मग काका कुंपणाशी येऊन फूलचोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. सासूबाई तोवर आमच्या मुलीला तीर्थासाठी शेजारी बसवून, आत तांब्याच्या ताम्हनात देवांना अंघोळ घालत असायच्या. “काय ही भाषा! सकाळच्या प्रहरी!” असं मला ऐकवायच्या.

या आरोळीत एक गंमत होती. काका ओसरीवरच्या खुर्चीत चहाचा पेला घेऊन आधीपासूनच बसलेले असायचे. मला खिडकीतून पेल्याची वाफसुद्धा दिसायची. सासूबाई आकडी लावायच्या तेव्हा काका चहात फुंकर घालत असत. सासूबाई रस्ता ओलांडून आल्या की मग त्यांना कंठ फुटे. मी समजायचे, गुडघे धरलेत, उठायला वेळ लागतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी काकांच्या मूळ घरी भावाभावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्या भावाने निरोप धाडला की यंदापासून तुमचा गणपती तुमच्या घरी बसवा. सुशीलाकाकू, म्हणजे काकांच्या बायको, अशा की त्यांनी आयुष्यात कधी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण त्या वर्षी त्यांनी मागितलं. आमच्याकडे विरजण न्यायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, “बदलीच्या गावात भाड्याच्या घरात जन्म गेला माझा. झाड लावायचं आन दुसऱ्यासाठी सोडून यायचं. आता गणपती माझ्या घरी येतोय तर पहिल्या दिवशीचं फूल माझ्या झाडाचं पायजे. एकवीस झाली तर एकवीस. पण बाजारचं एक बी नको.”

आणि श्रावणात हिंगे आले.

खरं तर ते आधी चौबळांच्या गुलाबांवर आले होते. चौबळांनी दुकानातून जहाल बाटली आणली, नाकाला रुमाल बांधून सगळ्या बागेवर मनसोक्त फवारली आणि उरलेलं मोरीत ओतलं. त्यांची मनी मांजर दोन दिवस कपाटाखाली पडून राहिली. हिंगे मात्र शहाणे. ते उठले आणि सरळ जगदाळ्यांच्या जास्वंदीवर येऊन बसले. सकाळी उमललेल्या फुलाच्या दुपारपर्यंत चिंध्या. कुठे नुसता देठ, त्यावर मधला दांडा झेंड्याच्या काठीसारखा उभा.

सगळा सेक्टर आता डब्याची वाट बघू लागला. इतकी वर्षं ज्याचं दर्शन घेतलं तो देव आज पावणार. लोक फिरायला निघाले की जगदाळ्यांच्या फाटकाशी पाय घोटाळायचे. पण काका बाहेर आले ते स्वयंपाकघरातला चिमटा आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन. एकेक हिंगा चिमट्यात धरायचा आणि बादलीत सोडायचा. पहाटे गारठ्याने हे किडे सुस्त असतात म्हणून पहाटेची आरोळी देऊन झाली की लगेच, आणि नवे उडून येतात म्हणून पुन्हा उन्हं चढल्यावर. तोफ घरात ठेवून लाटण्याने लढाई करणारा सेनापती आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

“साहेब,” चौबळ फाटकावर रेलून विचारायचे, “डब्यात नक्की औषधच आहे ना? की काकूंनी गोडेतेल भरलंय?”

“पावसाचं टिकत न्हाई वो,” काका म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर म्हणायचे, वारा हाय. वारा पडला तर म्हणायचे, ह्या किड्याची पोरं टोळाची अंडी खातात, तवा समदाच वाईट न्हाई बिचारा. ज्या माणसाने तीस गावांतली मुंगी जिवंत ठेवली नव्हती, त्याला एकाएकी किड्याच्या लेकराबाळांची काळजी लागली, याचं चौबळांना हसू आवरेना. ‘औषधवाल्याच्या घरात किड्यांचा सप्ताह’ असं ते बसस्टॉपवर सांगू लागले. हे काकांच्या कानावर जात होतं. पेन्सिल कानावरून निघून गेली. पानं उलटणंही बंद झालं. काकू ओसरीवर येऊन हळूच म्हणायच्या, “मारा की एकदा. माझ्या गणपतीपुरतं.” काका बादली उचलायचे.

मग सासूबाईंच्या बोटाला फोड आला. चांगला बोराएवढा, पाण्याने टम्म भरलेला. त्याच्या शेजारी दुसरा. आदल्या दिवशी जास्वंदीचं फूल तोडताना आत काहीतरी चिरडलं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. त्या पाण्याकडे बघून त्यांनी निदान केलं, आणि निदान झाल्यावर सासूबाईंना थांबवणं देवालाही जमलेलं नाही. त्या तडक रस्ता ओलांडून गेल्या. मी मागोमाग धावले.

“अहो जगदाळे! बाहेर या! फुलांना औषध मारून ठेवलंत! दोन फुलांसाठी माणसं मारायला निघालात?”

चौबळ आपल्या गेटाशी येऊन उभे राहिले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. सासूबाईंच्या हे ध्यानातही आलं नव्हतं की या आरोपात त्यांनी स्वतःच्या चोरीची भर रस्त्यात दवंडी पिटली आहे.

मला वाटलं, आता काका तेवढं धरून बसतील. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आत गेले, स्टुलावर चढल्याचा आवाज आला, आणि डबा घेऊन बाहेर आले. डबा त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात ओसरीच्या कडेवर ठेवला.

“सील बगा मावशी. हात लावून बगा. उघडलेलाच न्हाई आजवर.” रागावले की त्यांच्या बोलण्यात सातारा वर यायचा. आता राग नव्हता, तरी सगळा सातारा होता. “फोड किड्याचा हाय. चिरडला की त्याच्या अंगातलं पिवळं पानी लागतं. हे बगा.” त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, सगळीकडे तसलेच फोड. काही फुटलेले, काही वाळलेले. चिमट्यातून निसटलेले किडे ते हातानेच धरत होते.

“मग मारत का नाही एकदाचं औषध?” सासूबाईंचा आवाज अजून चढाच होता.

“कसं मारू? रोज पहाटे तुमी फुलं न्हेता. ती देवाला घालता. त्या फुलाखालचं तीर्थ तुमी पिता, नातीला पाजता.” काका म्हणाले. “ह्या खुर्चीत बसून रोज बगतो मी तुमाला. मारा म्हनतात समदी. आन उद्या काय झालं तर?”

 मग चौबळांना राहवलं नाही. “पण साहेब, तुम्ही तर चाटून दाखवायचात...”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि उजवा हात वर धरला. “हे बोट बुडवायचं,” त्यांनी पहिलं बोट दाखवलं, “आन हे चाटायचं.” दुसरं दाखवलं. “कंपनीनं शिकवलं होतं. गावात कुणाला कळायचं न्हाई. येका गावात येक म्हातारा होता. लई इस्वास माझ्यावर. मी गेल्यावर त्यानं पंप ढवळला हातानं, आन लोकांना म्हनाला, सायेब चाटतो तर मला काय हुतंय. त्यानं बुडवलेलंच बोट चाटलं. सरकारी दवाखान्यात बसलो होतो त्याच्या उशाला. वाचला. पर हात लटलट कापायचा त्याचा नंतर. माझ्यासाठी चहाचा कप उचलला, तो समदा सांडला.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

“त्यानंतर चाटलं न्हाई कधी. पर इकत राहिलो,” काका म्हणाले. “पोटं होती.”

मला तेव्हा फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही फुशारक्या म्हणून चहाबरोबर तोंडी लावलं, तो त्या डब्याखाली झोपत होता. सासूबाई आल्या पावली वळल्या. त्या घरी आल्या, देवापुढे बसल्या आणि त्या दिवशी देवाला नुसत्या अक्षता वाहिल्या.

चतुर्थी आठवड्यावर आली होती. हिंगे काही हृदयपरिवर्तन होऊन गेले नव्हते. काकांनी नवी युक्ती काढली. फूल उमलायच्या आधी कळीलाच कापडाची टोपी घालून नाडीने बांधायची. कळी आतल्या आत फुलेल, किड्याला फक्त कापड दिसेल. काकू टोप्या शिवायला बसल्या. सासूबाईंनी आमच्या खिडकीतून बराच वेळ हे बघितलं आणि मग त्यांचं डोकं फिरलं.

“अगं, त्या मेल्याचे जुने बनियन फाडून शिवतेय ती! बनियनची टोपी घातलेलं फूल गणपतीला?”

त्या उठल्या. ट्रंकेतून चक्का टांगायचं धुवट मलमलीचं कापड काढलं, सोवळ्यात ठेवलेलं, श्रीखंडाखेरीज कशाला ज्याला हात लावायची मला मुभा नव्हती ते. ते घेऊन समोर गेल्या आणि काकूंच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या. “सरका. टाके असे लांब घालू नका, मुंगी शिरेल.” संध्याकाळपर्यंत जास्वंदीवर पांढऱ्या टोपड्यांची बाळं लटकू लागली. चौबळांनी विचारलं, “बारसं कधी?” सासूबाईंनी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण चौबळ हा माणूस मनाने वाईट नव्हता, आणि सगळी आपत्ती तिथेच असते. सोसायटीतल्या एका घरी पहिला गणपती, आणि त्या घरच्या फुलांवर कीड, ही गोष्ट त्यांनी सेक्रेटरी या नात्याने अंगाला लावून घेतली. हरतालिकेच्या दिवशी दुपारी काका-काकू रिक्षा करून मूर्ती आणायला गेले. ती संधी साधून चौबळ आपल्या कारखान्यातला फवारणीवाला घेऊन आले. पाठीवर पंप, हातात नळी. “साहेबांना सरप्राइज,” चौबळ म्हणाले. “परत येईपर्यंत काम फिनिश. टेन्शनच नाही.”

मी खिडकीतून ओरडेपर्यंत सासूबाई उपासाच्या अंगाने, हातात आकडी घेऊन रस्ता ओलांडत्या झाल्या होत्या. यावेळी पायात चपला होत्या. चांगल्या वाजत होत्या. त्या जगदाळ्यांच्या फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

“एक थेंब उडाला तर ही आकडी तुमच्या नाकात घालीन.”

“आजी, ऐका तर. काकूंच्या गणपतीसाठीच करतोय. उद्या फुलं नसली तर?”

“नसली तर नसली. देव उपाशी राहत नाही फुलावाचून.”

“अहो पण झाड त्यांचं आहे! तुमचा काय संबंध?”

“संबंध?” सासूबाईंनी आकडी जमिनीवर आपटली. “सहा वर्षं तोडतेय मी ही फुलं! माझी फुलं आहेत ती!”

नेमकी तेव्हाच रिक्षा येऊन थांबली. मांडीवर रुमालाने तोंड झाकलेला गणपती घेऊन काका आत बसले होते. त्यांनी पंपवाला बघितला, चौबळ बघितले, फाटकात उभी असलेली फूलचोर बघितली. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. मूर्ती हातात असल्याने त्यांना डोळे पुसता येईनात. काकूंनी पदराने पुसले, आणि मग स्वतःचेही.

“चौबळ,” काका म्हणाले, “त्या मानसाला आत घ्या, चहा प्यायला. पंप भायेर ठिवा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई आमच्या दारात उभ्या होत्या, पण रस्ता ओलांडला नाही. समोर काकू एकेक टोपी सोडत होत्या आणि काका परडी धरून उभे होते. एकवीस झाली नाहीत. पाऊस जोराचा झाला होता, काही कळ्या गळल्या, दोन टोप्यांत मुंग्या शिरल्या, काकूंनीच लांब टाके घातलेल्या. पण जी निघाली ती अख्खी, लालभडक, एका पाकळीला भोक नाही. काकूंनी ती गणपतीला वाहिली. बाजारचं एकही फूल त्या दिवशी त्यांच्या देव्हाऱ्यात नव्हतं. आरतीनंतर त्यांनी तीर्थ दिलं ते सगळ्यात आधी आमच्या मुलीच्या हातावर.

डब्याचं काय झालं ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या दर्शनार्थींना माळ्यावर फक्त ट्रंका दिसल्या. आणि गणपती गेल्यावर, तिसऱ्या का चौथ्या पहाटे, सासूबाई पुन्हा अनवाणी निघाल्या. आता निदान मागून घ्या, असं मी म्हटलं. “मागून घेतलेलं फूल ते. त्यात काय पुण्य?” त्या आमच्या फाटकापर्यंत परत पोचल्या आणि समोरून नेमाने आरोळी आली.

असंच चाललं असतं, पण नव्वदचं दशक संपता संपता काकूंचं दुखणं वाढलं आणि मुलीने दोघांना कोल्हापूरला बोलावून घेतलं. घर विकलं. नव्या मालकाची गाडी होती, त्यामुळे बागेत फरशी बसणार हे पहिल्याच दिवशी समजलं. ट्रक आला, सामान चढलं. काकू आधीच मुलीबरोबर गेल्या होत्या. काका एकटे, इस्त्रीच्या पँटीत, फाटकाशी उभे. बंडीशिवाय ते मला कुणी परकेच वाटत होते.

सासूबाई परडी न घेताच गेल्या. दिवसाढवळ्या.

“मावशी, जास्वंदीची फांदी तोडून देऊ का?” काकांनी विचारलं. “कुंडीत लावा. लागंल.”

“दिलेली फांदी लागत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “चोरून आणलेलीच लागते.”

काकांनी मान डोलावली. जणू शेतकी कॉलेजात हेच शिकले होते. मग ते वळले, ट्रककडे तोंड केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. ड्रायव्हर दोरी आवळत होता, तिच्या गाठीकडे इतकं लक्ष देऊन माणूस कशाला बघेल. मागे सासूबाईंनी फांदी वाकवली. म्हाताऱ्या हातांना जोर नव्हता, दोनदा सटकली. मोडल्याचा आवाज मला खिडकीपर्यंत आला. काका वळले नाहीत. सासूबाई फांदी पदराखाली धरून, हळूहळू पाय टाकत रस्ता ओलांडू लागल्या. आमच्या फाटकाशी पोचल्या, तेव्हा मागून आरोळी आली. 

“कोण हाय रं तिकडं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई थांबल्या. वळल्या. पदराखालून फांदी बाहेर काढली आणि वर धरून म्हणाल्या,

“मी.”